मोठ्या सरांची मंजुरी

मोठे सर आमच्याकडे कधी आले ते नक्की सांगता येत नाही. आले असं म्हणणंसुद्धा तसं खोटंच, कारण ते नव्हते. पण खिडकीशी त्यांची खुर्ची होती, खुर्चीच्या पाठीवर त्यांचा राखाडी स्वेटर होता, आणि चार वाजता चहा आला की कुणीतरी "सरांना?" असं विचारायचंच. कुणी नाही विचारलं तर मी विचारायचे.

आमचं ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरची एक खोली. खाली दिवसभर काचा घासायचं मशीन चालायचं आणि त्याची बारीक घरघर जमिनीतून पायात यायची. दुपारी खिडकीतून ऊन आत आलं की त्या घरघरीत डोळे आपोआप मिटायला लागायचे. प्रोग्राम लिहिणारे आम्ही तिघं: मी, मुनी आणि रेडिओ. मुनी दिवसातून तीन वाक्यं बोलायचा. रेडिओ दम घ्यायलासुद्धा थांबायचा नाही. तिघांत सगळ्यात अनुभवी मी, म्हणजे अडीच वर्षांची. आमचे मालक आधी पंखे विकायचे. ते सकाळी येऊन "झालं का?" विचारायचे आणि संध्याकाळी निघताना "झालं ना?" विचारायचे, त्यापलीकडे त्यांच्याकडून शिकण्यासारखं काही नव्हतं. माणूस मात्र वाईट नव्हता.

अडलं की विचारायचं कुणाला, हा रोजचा प्रश्न. एकमेकांना विचारावं तर तिघंही त्याच जागी अडलेले. मग इंटरनेटवरून कुणाचं तरी उचलायचं, चिकटवायचं, आणि चाललं की देवाचे आभार मानून गप्प बसायचं. "चालतंय ना? मग हात लावू नकोस." एवढंच आमचं शास्त्र होतं. प्रोग्राममध्ये अशा कितीतरी जागा होत्या जिथे आम्ही पाय न वाजवता जायचो.

आणि काम काही साधं नव्हतं. शहरात कितीतरी माणसं घरी नाकाला नळी लावून बसलेली असतात, त्यांना प्राणवायूचे सिलिंडर पोचवणारी एक कंपनी होती. उद्या कुठल्या घरी सिलिंडर न्यायचा, याची यादी रोज संध्याकाळी आमचा प्रोग्राम काढायचा. घरं दोनशे चाळीस. मी पहिल्यांदा ती यादी उघडली तेव्हा सत्तेचाळिसाव्या ओळीवर माझ्या मावशीचं नाव दिसलं. आई गेल्यावर मला या मावशीने वाढवलं. रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं काढून तिने माझं शिक्षण केलं आणि स्वतःची फुप्फुसं घालवली. आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. माझ्याकडे ये म्हटलं तर "तुझ्या त्या खोलीत मी मावेन, माझा सिलिंडर नाही मावायचा," म्हणून उडवून लावते. म्हणजे आम्ही तिघं कुठे चुकलो, तर तिचा श्वास अडणार होता.

करार करताना त्या कंपनीच्या मॅडमनी अट घातली होती. प्रोग्राममधला प्रत्येक बदल दहा वर्षं अनुभव असलेल्या माणसाने तपासायचा आणि त्याची लेखी मंजुरी त्यांना पाठवायची. आमच्या मालकांची पापणीसुद्धा लवली नाही. "आहेत ना आमचे मोठे सर," म्हणाले. ऑफिसात परत आल्यावर आमच्यासमोर घाम पुसत म्हणाले, "आता तुम्हीच बघा काय ते."

आम्ही बघितलं. सरांच्या नावाने ईमेलचा पत्ता उघडला. कुणीतरी विसरून गेलेला स्वेटर त्यांना दिला. खालच्या दुकानदाराने काच नसलेली एक जाड फ्रेम हसत हसत दिली. आणि नियम ठरवला: ज्याने लिहिलं त्याने सर व्हायचं नाही. बाकीच्या दोघांपैकी एकाने खिडकीत बसायचं, स्वेटर घालायचा, फ्रेम चढवायची आणि समोरच्याने लिहिलेली प्रत्येक ओळ मोठ्याने, सावकाश वाचायची. त्या खुर्चीतल्या माणसाला अहो-जाहो करायचं. पटलं नाही तर परत पाठवायचं. पटलं तरच मंजुरी.

पहिल्या दिवशी हसून हसून पुरेवाट झाली. रेडिओ सर झाला होता आणि मुनीला "काय रे बाळा" म्हणत होता. पण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हसू कमी झालं. त्या खुर्चीत बसलं की काहीतरी व्हायचंच. रेडिओ गप्प व्हायचा. मुनी बोलायला लागायचा. मी, जिला एरवी एका जागी दहा मिनिटं धीर धरवत नाही, ती एकेका ओळीवर पाव पाव तास बसायचे. सरांना घाई आवडत नाही हे आम्हाला कधी कळलं कोण जाणे. सरांना तिखट बोललेलं चालत नाही, हेही कळलं. ते खोकून मग बोलतात, ही लकब रेडिओच्या आजोबांची होती. कागदावर पेन्सिलीने चौकोन काढत विचार करतात, ही मुनीच्या वडिलांची. आणि "आणि नाही झालं तर?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न माझ्या मावशीचा होता. शाळेच्या सहलीला निघताना ती विचारायची, गाडी मिळेल गं, आणि नाही मिळाली तर?

हळूहळू ते आमच्या झोपेतही यायला लागले. रेडिओच्या स्वप्नात आले, काही बोलले नाहीत, नुसती त्याच्या कोडमधली एक ओळ बोटाने पुसून गेले. सकाळी त्याने येऊन ती ओळ काढली, आणि खरंच ती नकोच होती. माझ्या स्वप्नात ते खिडकीकडे तोंड करून बसलेले असायचे. त्यांचा चेहरा मला कधी दिसला नाही, पण ते तिथे आहेत या विचाराने झोप शांत लागायची. मावशीला तर मी ते खरेच आहेत म्हणून सांगून टाकलं होतं. "बरं झालं बाई, कुणीतरी मोठं आहे तिथे," ती म्हणाली, आणि मला खोटं बोलल्यासारखं अजिबात वाटलं नाही.

मग तो शुक्रवार आला. गाड्या बंद घरांवरून परत येत होत्या. माणसं दवाखान्यात असायची, मुलाकडे गेलेली असायची, आणि जड सिलिंडर तीन-तीन जिने चढवून परत उतरवावा लागायचा. मॅडमनी कळवलं, घर बंद असेल तर गाडी जायला नको. मी लिहिलं: आदल्या दिवशी घरी आपोआप फोन जाईल, तीनदा. तीनदा कुणी उचलला नाही तर घर बंद समजायचं आणि नाव यादीतून काढायचं. लिहायला अर्धा दिवसही लागला नाही. स्वतःवर इतकी खूश होते मी.

पण मंजुरी द्यायला कुणी नव्हतं. मुनी तापाने आडवा पडला होता. रेडिओ बहिणीला परीक्षेला घेऊन गावाबाहेर गेला होता. मालक तीनदा येऊन "झालं का?" विचारून गेले, मॅडमना आजच पाहिजे होतं. सोमवारपर्यंत थांबते, एवढं म्हणायचं होतं फक्त. ते मी म्हटलं नाही. खोलीत मी एकटी, बाहेर स्वच्छ ऊन, खाली घरघर. मी उठले, स्वेटर घातला, फ्रेम चढवली आणि खिडकीत बसले.

मोठ्याने वाचायला सुरुवात केली. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटत होता. स्वेटरची ऊब चढत होती. मधेच कधीतरी मी वाचते आहे की ऐकते आहे तेच कळेना. सर माझ्यात होते की शेजारी होते? ते खोकले. पेन्सिलीने चौकोन काढला. "आणि फोन नाही उचलला तर?" त्यांनी विचारलं. "तर घर बंद," मी पटकन म्हणाले. इतर कुणी समोर असतं तर पुढे म्हटलं असतं, असं कसं, माणूस घरात असून फोन उचलत नाही असं होत नाही का? पण समोर कुणी नव्हतं, आणि सर त्या दिवशी फार गोड वागत होते. "छान," म्हणाले. मला आजवर कुणी छान म्हटलं नव्हतं. मी डोळे उघडले तेव्हा मंजुरी गेलेली होती आणि चहा निवलेला होता.

रविवारी सकाळी दाट धुकं पडलं होतं. समोरची इमारत पुसून टाकल्यासारखी नाहीशी झाली होती. मी कपडे धुवत होते, तेवढ्यात सिलिंडरच्या गाडीवाल्या काकांचा फोन आला. मावशीकडे नेहमी येतात ते, तिथेच ओळख झालेली.

"ताई, मावशी कुठे गेल्यात का?"

"नाही. का हो?"

"नाही, आज त्यांचा दिवस. पण यादीत नाव नाही. म्हटलं विचारावं."

ओल्या हातांनीच मी लॅपटॉप उघडला. अकरा घरं गळली होती. सत्तेचाळीस नंबर त्यात होता. प्रत्येकापुढे एकच शेरा: घर बंद. तो शब्द मीच निवडला होता. मावशीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. नुसता वाजत राहिला.

मग मॅडमना लावला. काय झालंय ते एका दमात सांगितलं.

"तुमच्या सरांना द्या फोन," त्या म्हणाल्या.

"सर नाहीत."

"कुठे गेलेत?"

"कधी नव्हतेच, मॅडम. मीच लिहिलं, मीच मंजूर केलं."

पलीकडे कागद पुढे ओढल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "ते नंतर बघू. नावं वाचा. आणि कुणाकडे किती शिल्लक असेल ते सांगा, तसं लावा."

शिल्लक काढणं अवघड नव्हतं. कुणाकडे सिलिंडर कधी गेला आणि किती वेगाने जातो ते सगळं आमच्याकडे होतं. यादी मी हाताने, कागदावर लावली, दोनदा तपासली. सगळ्यात वर कालव्याजवळ राहणारे एक आजोबा आले. त्यांच्याकडे जेमतेम तासाभराचा वायू होता. खाली खाली येत पाचव्या ओळीवर मावशी होती, दीड तास. मॅडमनी गोदाम उघडून दुसरी गाडी काढली. सहा घरं तिकडे दिली, पाच आमच्याकडे. मावशी आणि आजोबा दोघंही आमच्याकडे आले. अर्ध्या तासाने काका मला घ्यायला आले, मागे सिलिंडर खणखणत होते.

धुक्यात गाडी जोरात नेता येत नव्हती. रस्त्याच्या कडेची झाडं एकेक करून समोर यायची आणि मागे विरघळायची. माणसं नव्हतीच. एक सायकल आली आणि गेली, तिचा आवाज मात्र बराच वेळ मागे राहिला. मी मांडीवर कागद धरून मावशीला फोन लावत होते आणि तो वाजत होता.

"मावशींची गल्ली वाटेतच आहे," काका म्हणाले. "आधी तिथेच थांबू."

मी घड्याळाकडे पाहिलं. तीन मजले. जुना सिलिंडर काढायचा, नवा जोडायचा, काटा बघायचा. कितीही घाई केली तरी वीस मिनिटं. आजोबांकडे आता पंधरा होती, तीही माझ्या हिशेबाने, आणि माझ्या हिशेबावर आज किती भरवसा ठेवायचा? पण मावशीच्या आकड्याचा हिशेबही माझाच होता. ती फोन उचलत नव्हती. मी मान वळवून पाहिलं. आमच्या दोघांशिवाय गाडीत कुणी नव्हतं.

"ताई?" काकांनी गाडी हळू केली.

गल्लीच्या तोंडाशी दिव्याचा खांब होता. त्याच्या वरची खिडकी मावशीची. धुक्यात ती नुसती पिवळट चौकोनासारखी दिसत होती. त्या खिडकीत उभी राहून ती मला शाळेत जाताना बघायची.

"पुढे चला," मी म्हणाले. हे शब्द माझ्या तोंडून आले यावर माझाच विश्वास बसला नाही. काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गाडी पुढे घेतली. मला तेव्हा त्यांचा राग आला. त्यांनी ऐकायला नको होतं असं वाटलं.

आजोबांच्या सुनेने दार उघडलं ते रडतच. आजोबा खुर्चीत वाकून बसले होते, मासोळीसारखं तोंड उघडत, मिटत. काकांनी सिलिंडर जोडला, मी नळी धरून उभी राहिले. काटा वर गेला. आजोबांनी पहिला पुरा श्वास घेतला आणि माझं मनगट धरलं, ते सोडेचनात. त्यांचा हात सोडवून मी जिना उतरले. मग दुसरं घर, तिथे एक बाई देवघरासमोर बसून राहिल्या होत्या. त्यांचा फोन मुलगा घेऊन गेला होता. तिसरं घर. तिथल्या माणसाला कमी ऐकू येतं. चौथ्या घरी फोनच बंद पडलेला. प्रत्येक घरी माणूस होतं. प्रत्येक घर उघडं होतं.

मावशीच्या जिन्यात मी काकांच्या पुढे पळाले. माझ्याकडे किल्ली असते. आत सगळं शांत, खिडकीशी पलंग, पलंगाच्या कडेला मावशी बसलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले. ओठ काळेनिळे झाले होते. "मावशी," मी ओरडले. तिने डोळे न उघडताच एक बोट वर केलं, म्हणजे थांब, बोलायला लावू नकोस. मी तिथेच जमिनीवर बसले.

काका धापा टाकत आले. तिने नळीचा वेग स्वतःच अर्ध्यावर आणून ठेवला होता, म्हणून पुरला. नवा सिलिंडर जोडला, फुसफुस सुरू झाली. तिच्या नखांचा रंग परत येताना मी बघत होते, एकेक नख. खिडकीबाहेर धुकं तसंच होतं, खोली त्यात तरंगत असल्यासारखी.

"मघाशी गाडी गेली खालून," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. "आवाज ओळखते मी तिचा. म्हटलं आली. पण पुढे गेली."

"मी होते त्यात," मी म्हणाले. "मीच पुढे जा म्हटलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. "कुणाकडे कमी होतं?"

"एका आजोबांकडे."

"मिळालं त्यांना?"

"मिळालं."

तिने मान हलवली, आणि माझ्या केसांवरून हात फिरवला. हात अजून थंड होता. मी रडायला लागले. यादीतून तुझं नाव कसं गेलं, कुणी काढलं, हे सांगायला तोंड उघडलं, पण तिला तिचंच काही सांगायचं होतं. तिने उशाशी असलेल्या कपाटाच्या खणाकडे बोट दाखवलं. "तो फोन काढ बाई. चादरीत गुंडाळून ठेवलाय मी. काल नुसता छळला त्याने. एकच नंबर, सारखा सारखा."

मी खण उघडला, चादरीची घडी सोडली. फोनवर माझे नऊ कॉल होते. त्याच्याखाली तीन कॉल एका अनोळखी नंबरवरून, काल दुपारचे. तो नंबर मला पाठ होता. आमच्या प्रोग्रामचा होता.

"तू मागच्या वर्षी शपथ घातली होतीस ना," मावशी म्हणाली, आणि दम लागत असूनही तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता. "ते फसवणारे फोन यायला लागले तेव्हा. अनोळखी नंबर उचलायचा नाही, काही झालं तरी. तीनदा वाजला, पण मी नाही उचलला. बरोबर केलं ना?"

"हो," मी म्हणाले. "तू अगदी बरोबर केलंस, मावशी."